देल्फिनाची सहा वर्षं

अंगणातल्या त्या पोहण्याच्या तलावातून देल्फिनाला काय मिळणार होतं, याचा हिशोब घरातल्या प्रत्येकानं आपापल्या बुद्धीनं मांडला होता, आणि प्रत्येकाचं उत्तर चुकलं होतं.

थोरला एत्सिओ म्हणे, गुडघे. डॉक्टरनं पाण्यात चालायला सांगितलं होतं. आणि आईच्या बाबतीत डॉक्टरनं दिलेलं कारण साठीच्या मुलाला नेहमीच सोयीचं वाटतं, कारण मग पुढचा विचार करावा लागत नाही. त्याची बायको मार्लीन म्हणे, ईर्षा. रस्त्यापलीकडच्या बारबेरोबाईंकडे तलाव होऊन चार वर्षं झाली होती. एत्सिओ-मार्लीनची मुलगी बियान्का वीस वर्षांची होती, त्यामुळे आजीनं तलाव आपल्यासाठीच काढलाय याबद्दल तिला शंकाच नव्हती. आणि टाउन्सव्हिलहून दर रविवारी सव्वा तास गाडी हाकत येणारी धाकटी नीवेस म्हणे, म्हातारचळ. काही बायका उतारवयात मांजर पाळतात, आमच्या मम्मानं खड्डा पाळलाय.

खरा आकडा होता सहा, आणि तो एकट्या देल्फिनाला ठाऊक होता.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडात ठेकेदार न नेमता घरमालकानं स्वतःच बांधकाम करवून घ्यायचं म्हटलं की परवाना लागतो, आणि परवान्याआधी एक शिकवणी पुरी करावी लागते. घर देल्फिनाच्या नावावर, म्हणून शिकवणीही देल्फिनालाच. त्र्याऐंशीव्या वर्षी ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसायची, बियान्का लॅपटॉपवरून धडे वाचायची आणि आजी सांगेल त्या उत्तरावर बोट दाबायची. एका दुपारी बियान्का जांभया देत वाचून गेली, की असं काम झाल्यापासून सहा वर्षांच्या आत घर विकायचं असेल, तर घेणाऱ्याला आधी लेखी कळवावं लागतं : हे काम मालकानं स्वतः केलं आहे, त्याला विम्याचं संरक्षण नाही.

“थांब,” देल्फिना म्हणाली. “ते परत वाच.”

बियान्कानं परत वाचलं.

“असलं पत्र हातात पडल्यावर कोण घेईल गं घर?”

“शहाणा असेल तर नाही घेणार, नोन्ना.”

“हं,” देल्फिना म्हणाली आणि तिनं पुढची शेंग उघडली.

नाताळपासून नीवेसनं एकच धोशा लावला होता, की हे घर विकायचं आणि मम्मानं टाउन्सव्हिलला यायचं. दोन खोल्यांची जागा, लिफ्ट, खाली दवाखाना, नीवेसच्या दारापासून पाच मिनिटं. एत्सिओ त्यावर हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. म्हणजे त्याच्या भाषेत हो. देल्फिनानं बेरीज केली. त्र्याऐंशी अधिक सहा, एकोणनव्वद. तिच्या आईला, आजीला आणि तिन्ही मावश्यांना नव्वदी गाठता आली नव्हती. सहा पुरेशी होती.

एप्रिलात काम लागलं. खड्डा खणायला मार्टी जेसीबी घेऊन आला, तेव्हा देल्फिनानं त्याला आधी जेवू घातलं आणि मग दर विचारला. ऊसतोडीच्या टोळ्यांना पंचवीस हंगाम रांधून घातल्यावर तिला एवढं कळलं होतं की भरल्या पोटी माणूस दहा टक्के कमी सांगतो. खड्ड्यात बसवायचं तलावाचं फायबरचं अख्खं भांडं तिनं दुकानाच्या अंगणात नमुन्याला ठेवलेलं उचललं. एका अंगाचा निळा रंग उन्हानं उडाला होता. “पाण्याखाली कोण बघायला जातंय?” म्हणत तिनं तेवढ्यावर भाव पाडला. कुंपणवाल्याला तिनं तीनदा परत बोलावलं, कारण दोन गजांमधलं अंतर ती स्वतः टेप लावून मोजायची. वीजवाला, फरशीवाला, वाळूवाला, सगळ्यांच्या वेळा तिच्या वहीत होत्या, आणि सगळ्यांची वजनंही वाढली होती. सप्टेंबरात, तोडणी ऐन रंगात असताना, बोअरचं पाणी तीन दिवस त्या भांड्यात पडत राहिलं. चौथ्या सकाळी देल्फिना कडेच्या फरशीवर उभी राहिली, आणि तिच्या अंगणात आकाशाचा एक आयताकृती तुकडा निजलेला होता.

आता फक्त तपासनीस यायचा होता. सोमवारी सकाळी नऊला.

शनिवारी संध्याकाळी एत्सिओ कुंपणाशी येऊन उभा राहिला. “मम्मा, घराजवळचा फड आज पेटवतो. वारा नदीकडचा आहे, तुझ्या तलावाला काही होत नाही.”

“तुझा बापही हेच म्हणायचा. आणि माझी वाळत घातलेली कापडं काळी व्हायची.”

“कापडं आत घे मग.”

“तलाव कुठे आत घेऊ?”

एत्सिओ हसला आणि गेला. तोडणीआधी फड पेटवायची होम हिल गावच्या शिवारातली रीत देल्फिनानं साठ वर्षं पाहिली होती, तरी दरवेळी ती व्हरांड्यात येऊन उभी राहायची. सूर्य बुडता बुडता फड उठला. वीस मिनिटं आभाळभर केशरी गर्जना, आणि मग सगळं शांत. त्या शांततेत वारा वळला. मग ती आली, पाचटाची काजळी, बोटबोटभर लांब काळी पिसं, घाई नसलेली, एकमेकींना वाट देत उतरणारी. ती आंब्यावर उतरली, खुर्च्यांवर उतरली, देल्फिनाच्या पांढऱ्या केसांवर उतरली. पाण्यावर उतरताना तिचा आवाजही झाला नाही. आकाशाचा तो तुकडा हळूहळू मिटत गेला, जसा झोप आलेला डोळा मिटतो.

देल्फिना बराच वेळ बघत राहिली. सुंदर होतं ते. पण सोमवारी नऊला येणाऱ्या माणसाला सुंदर दिसलं नसतं.

आता इथे जे घडलं ते दुसऱ्या कुठल्या गावात घडलं नसतं. इथल्या घरांत पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, आणि ऊस पेटवण्याचा हंगाम सरला की टाकी उपसून, आत उतरून, ब्रशानं घासायची, हे इथल्या बायकांना नमस्कार-चमत्कारासारखं अंगवळणी पडलेलं असतं. काळं पाणी दिसलं की उपसायचं. देल्फिनाच्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं. तलावाच्या पंपाच्या पेटीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती : कंपनीला फोन केल्याशिवाय तलाव रिकामा करू नये. ती देल्फिनानं वाचली होती आणि तिचा अर्थही तिनं आपल्या परीनं लावला होता. फोन केला की माणूस येतो, माणूस आला की येण्याचेच नव्वद डॉलर. असल्या चिठ्ठ्या तिनं वॉशिंग मशीनवरही पाहिल्या होत्या.

रविवारी उजाडताच तिनं टाकीचा जुना पंप ओढत आणला आणि सुरू केला.

बारा वाजता सगळे जेवायला आले तेव्हा तळाशी घोटाभर पाणी उरलं होतं, आणि पंप चहा ओरपणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आवाज करत होता.

“हे काय?” नीवेसनं गाडीतून उतरता उतरता विचारलं. “भरला म्हणून फोन केलास, आणि हा रिकामा?”

“धुतेय.”

“तलाव धुतात?”

“तुझ्या घरी नसतील धूत.”

मार्लीननं मलई-फळं घातलेल्या पाव्हलोवा केकचा डबा सांभाळत आत डोकावून पाहिलं. “नोन्ना, तुम्ही आत उतरला होतात? एकट्या? एत्सिओ, बघितलंस?”

“बघितलं,” एत्सिओ म्हणाला. तो टेबलाकडे बघत होता, जिथे सारण भरलेल्या आन्योलोत्तीचं मोठं ताट वाफाळत होतं. इटलीतल्या मोन्फेराटोच्या टेकड्यांतून देल्फिनानं या देशात आणलेल्या गोष्टींत ते ताट एकटंच अजून टिकून होतं.

जेवण व्हरांड्यात. ऊन असं, की पलीकडचा जळलेला फडही पेंगत होता. पहिल्या वाढण्याला सगळे तलावाबद्दल बोलले, दुसऱ्याला उसाबद्दल. एत्सिओ म्हणाला, पश्चिमेच्या रानात तोडणी उरकली, खोडव्याला गुरुवारपासून पाणी सोडलंय, सऱ्या नुसत्या तुडुंब आहेत. उसाच्या घरात हे वाक्य वर्षातून चाळीस वेळा येतं.

मग नीवेसनं काटा खाली ठेवला.

“मम्मा, परवा मी परत जाऊन आले त्या जागेत. खिडकीतून समुद्र दिसतो.”

“मी बत्तीस दिवस समुद्र बघितलाय. पुरला.”

“चेष्टा नको. जूनमध्ये तू न्हाणीघरात पडलीस.”

“कोण म्हणालं?”

बियान्का फार लक्ष देऊन पाव फाडू लागली.

“घसरले,” देल्फिना म्हणाली. “पडणं वेगळं.”

“माझ्या वॉर्डात सगळ्या घसरलेल्याच येतात. खुबा मोडलेल्या. दोन-दोन तास जमिनीवर पडलेल्या. ओरडून ओरडून आवाज गेलेला असतो त्यांचा, मम्मा.” नीवेस तीस वर्षं परिचारिका होती; हे बोलताना तिचा स्वर रोजच्यासारखाच होता, म्हणून ते जास्त लागलं. “एत्सिओ, तू बोल ना. आपलं ठरलं होतं ना?”

“काय ठरलं होतं?” देल्फिनानं मुलाकडे पाहिलं.

एत्सिओनं ग्लासातल्या वाइनमध्ये उत्तर शोधलं. “म्हणजे... नीवेसचंही खरं आहे, मम्मा. रात्री-बेरात्री आम्हाला तरी काय कळणार? शंभर मीटरवर असलो तरी.”

“तुझ्या बायकोला माझ्या चुलीवर काय शिजतं ते शंभर मीटरवरून कळतं.”

“नोन्ना!” मार्लीन म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

देल्फिना उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उठली, मग टेबलाच्या कडेला, मग खांबाला. आणि आपण कशाकशाला धरतो ते नीवेस मोजतेय हे तिला पाठमोरी असूनही कळत होतं. “एक कोपरा घासायचा राहिलाय,” ती म्हणाली.

ती कुंपणाचं फाटक उघडून आत गेली आणि भांड्याच्या पायऱ्या उतरून मधल्या पायरीवर बसली. आंब्याची सावली नेमकी तिथे पडली होती. निळ्या भिंतींच्या आत हवा गार होती. बाहेरचं बोलणं इथे शब्दांशिवाय पोचत होतं, नुसती चाल; नीवेसची चढती, एत्सिओची पडती. देल्फिनानं ब्रश मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

छप्पन सालचं जहाज असंच आतून निळं रंगवलेलं होतं. वीस वर्षांची ती, लग्न होऊन आठ महिने झालेली, आणि नवरा अजून पाहिलेला नाही. लग्नाच्या वेळी चर्चमध्ये नवऱ्याच्या, बात्तिस्ताच्या जागी त्याचा धाकटा भाऊ उभा राहिला होता. बात्तिस्ता इथे ऊस तोडत होता. वडील म्हणाले सही कर, तिनं केली. जहाजावर तिच्यासारख्या अकराजणी होत्या, प्रत्येकीकडे एकेक फोटो. फोटोतला बात्तिस्ता उंच होता. धक्क्यावर उतरल्यावर कळलं, फोटो पायरीवर उभा राहून काढलेला होता.

खालून कुठून तरी एक हुंकार आला. गोठ्यात गाय कूस बदलते तसा.

जहाज हललं. देल्फिनाला नवल वाटलं नाही, जहाजं हलतात. उलट किती वर्षांनी ते हलणं अंगाला मिळत होतं, जसं कुणी पाठीमागून कवेत घेऊन झोके द्यावेत. तिनं डोळे किलकिले केले. समोर निळी भिंत होती, भिंतीच्या वर आकाश. मग भिंत जराशी कलली आणि तिच्यावर कुंपणाची टोकं आली. मग आंब्याचा बुंधा. मग, अगदी हळू, बंदरात शिरताना किनारा येतो तशी, जळक्या फडाची काळी रेघ, तिच्यामागे न तोडलेल्या उसाची हिरवी, आणि तुऱ्यांवरून चाललेली वाऱ्याची एक लाट. या अंगणातून तिला ऊस असा वरून कधी दिसला नव्हता. गुडघेही दुखत नव्हते. कुठे पोचायचं, कुणी बोलावलंय, धक्क्यावर कोण उभं असेल, यातलं काहीही ठाऊक असायची गरज नव्हती. ती एकटी होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

व्हरांड्यात मार्लीन पाव्हलोवा कापत होती. तिनं सुरी वर उचलली आणि ती तशीच राहिली.

“एत्सिओ,” ती म्हणाली, “तुझी आई वर येतेय.”

“येऊ दे की. फळं दे मला.”

“पायऱ्या चढून नाही रे! नुसती वर येतेय!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. जमिनीतून आधी पांढरे केस आले होते, मग कपाळ, मग चष्मा. आता खांदे दिसत होते. कडेच्या फरशा एकामागून एक उभ्या राहून आडव्या पडत होत्या, आणि त्यांच्यामधून अख्खा निळा तलाव, एका अंगाला जरासा कललेला, चिखलाचं पाणी निथळत, सावकाश वर येत होता. त्यात देल्फिना मांडीवर ब्रश घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मार्लीनला सुरी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

मग सगळे एकदम धावले.

“हलू नकोस, मम्मा!” “हात दे!” “तिकडून नको, तिकडे फरशी सुटलीय!”

तलाव जमिनीपासून दीड हात वर येऊन थांबला होता. एत्सिओनं आईला काखेत धरून उचललं आणि खाली ठेवलं. तलावातून बाहेर यायला खाली उतरावं लागलेली बाई त्या जिल्ह्यात तरी ती पहिलीच असावी.

“पोचलो?” देल्फिनानं विचारलं. मग तिची झोप पुरती उडाली आणि तिनं मागे वळून पाहिलं. पाच महिन्यांचं काम खड्ड्यावर तिरकं बसलं होतं, ताटावर झाकण सरकावं तसं.

एत्सिओनं मार्टीला फोन लावला. मार्टीचा आवाज इतका मोठा होता की सगळ्यांनी ऐकला. “रिकामा केला? अरे, कुणी सांगितलं होतं? तुमच्या इथे खणताना दीड मीटरवर पाणी लागलं होतं! आणि आजूबाजूला कुठे रानाला पाणी चालू आहे का?”

एत्सिओचा चेहरा बघण्यासारखा झाला. “पश्चिमेचं रान,” तो म्हणाला. “गुरुवारपासून.”

“मग! जमीन फुगलीय पाण्यानं. भरलेला तलाव जड, रिकामा तलाव म्हणजे होडी. आता पाणी भरू नका त्यात, खाली वाळू सरकलीय, तडकेल. क्रेन आणून उचला आणि परत बसवा. म्हाताऱ्या बाईंना काही लागलं नाही ना?”

“नाही.”

“जेवायला काय होतं आज?”

फोन ठेवताच नीवेस पुढे आली. “बस्स झालं. हे शेवटचं. आज ती आत बसली होती, एत्सिओ. उद्या तपासनीस येईल, नापास करेल, करू दे. आहे तसं विकू. घेणारा बुजवेल खड्डा.”

दुपारपर्यंत नीवेसच्या बाजूला असलेला एत्सिओ आता जमिनीकडे बघत होता. त्याच्या डोक्यात वेगळंच गणित चाललं होतं, की मम्मा टाउन्सव्हिलला गेली तर ती कशामुळे गेली हे उरलेल्या आयुष्यभर त्याच्या नावावर राहणार. फड त्यानं पेटवला, पाणी त्यानं सोडलं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “क्रेनचं मी बघतो. मम्मा कुठे जात नाही.”

“वा! सकाळी फोनवर काय म्हणत होतास?”

“सकाळी तलाव जमिनीत होता.”

“मी त्या जागेची अनामत भरलीय!” नीवेस ओरडली. “दोन हजार. आणि हे घर विकल्याशिवाय उरलेले भरता येणार नाहीत, तुला ठाऊक आहे. तुझ्याच शब्दावर भरली ना ती!”

अनामतीचं देल्फिनाला पहिल्यांदाच कळत होतं. ती उलट्या पडलेल्या खुर्चीशी उभी होती; तिनं खुर्ची सरळ केली आणि तीवर बसली.

“पण झिया,” बियान्का आत्याला हळूच म्हणाली, “विकायचं तरी सहा वर्षं ते पत्र द्यावं लागतं ना घेणाऱ्याला? विमा नाही म्हणून. ते वाचल्यावर कोण...” ती थांबली. तिला ते वाटाणे आठवले असावेत. तिनं आजीकडे पाहिलं, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांनीच.

नीवेसला कळायला फार वेळ लागला नाही. हिशोबाचं डोकं तिला आईकडूनच मिळालं होतं. “सहा वर्षं,” ती म्हणाली. “गुडघे वगैरे काही नव्हतं. तू मला अडवायला खड्डा खणलास.”

“गुडघे पण आहेत,” देल्फिना म्हणाली. मग ती इतरांना म्हणाली, “जा रे, पाव्हलोवा वितळतोय.”

ते गेले. मायलेकी त्या तिरक्या निळ्या भांड्यासमोर बसून राहिल्या. कडेनं चिखलाचं पाणी झिरपत होतं, आणि वर दोन काजळीची पिसं अजून कुठे उतरायचं ते ठरवत होती.

“मला सांगायचं होतंस,” नीवेस म्हणाली. “सरळ नाही म्हणायचं.”

“नाताळपासून म्हणतेय. तुझ्या कानाला ते ‘बघू’ असं ऐकू येतं.”

“मला भीती वाटते, मम्मा. रात्री फोन वाजला की...”

“ठाऊक आहे.”

“नाही ठाऊक. तिकडे घरात मी एकटी असते. तू पाच मिनिटांवर असशील तर सकाळी उठायला...” तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं. नवरा सोडून गेल्याला तिला सात वर्षं झाली होती आणि या विषयावर घरात कुणी वाक्य पुरं करत नसे.

देल्फिनानं तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. “वीस वर्षांची होते तेव्हा वडिलांनी एक कागद पुढे केला. सही कर म्हणाले, केली. माझं सगळं आयुष्य त्या एका सहीत गेलं. वाईट गेलं असं नाही म्हणत, तुझा बाप चांगला होता. बुटका, पण चांगला. मग रानाचे कागद त्याच्या नावानं आले, मग एत्सिओच्या. हा परवाना आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, काम करवणार : देल्फिना. हात धरायला कुणी नव्हतं. चुकलं माझं, पाणी उपसायला नको होतं. पण ते माझं चुकलं, नीवेस. मला सहा वर्षं माझं चुकू दे.”

नीवेस रडली, थोडीच. मग बाहीनं नाक पुसून म्हणाली, “गळ्यात ते बटण घालशील? पडलीस तर दाबायचं?”

“कुत्र्याच्या बिल्ल्यासारखं दिसतं ते.”

“मम्मा.”

“घालीन. आणि तू शुक्रवारी येत जा. रविवारी येतेस आणि जेवण होईस्तोवर घड्याळ बघतेस. शुक्रवारी ये, तुझी खोली आहे.”

सोमवारी नऊला तपासनीस आला, कुंपणाचं माप घेतलं, ते बरोबर होतं, आणि बाकीच्या गोष्टीकडे बघून त्यानं टोपी काढली. नोव्हेंबरात क्रेन आली. भांडं उचललं, खाली सिमेंट कालवलेली वाळू दाबली, परत बसवलं. सहा वर्षं काम पुरं झाल्यापासून मोजायची असतात, त्यामुळे हा अपघात दोन महिने फुकटात देऊन गेला, हे देल्फिनाच्या नजरेतून सुटलं नाही.

आता कुणी काय भरलं ते सांगतो. क्रेनचे आणि वाळूचे एत्सिओनं भरले, आणि पुढे घराच्या अंगाला पाणी सोडण्याआधी तो दरवेळी आईला विचारू लागला, जे त्याला क्रेनपेक्षा महाग पडलं. फरशांचे देल्फिनानं स्वतः भरले. अनामतीचे दोन हजार नीवेसचे बुडाले ते बुडालेच. देल्फिना रोज सकाळी, गळ्यात ते बटण घालून, छातीभर पाण्यात अर्धा तास चालायची. पोहायला ती कधीच शिकली नाही. तिनं सहातली चार वर्षं आणि दोन महिने वापरले, आणि एका मंगळवारी स्वतःच्या बिछान्यात, दुपारच्या झोपेतून ती उठली नाही.

एक वर्ष दहा महिने उरले होते. पत्र देऊन का होईना, घर विकता आलं असतं. एत्सिओनं तसं विचारलंही. नीवेस म्हणाली, बघू. ती शुक्रवारी आली आणि सोमवारी परत गेली नाही. उन्हाळ्यात ऊस उंच व्हायचा, हंगामात काजळी उतरायची, ती जाळीनं पिसं काढायची आणि त्या निळ्या पाण्यावर उताणी पडून राहायची, कान पाण्याखाली, कसलाच आवाज नाही. उरलेली सगळी मुदत तिनं भरली, एकही दिवस न सोडता.